रिठा, काही महिन्यांच्या वापरानंतर: बी काढल्याशिवाय हिशेब जुळत नाही

हे लिहायला बसवलं ते रिठा पावडरच्या एका पाकिटाने. पाण्यात कालवली तर फेस नावापुरता आणि तळाला कचकचीत काळपट खर. बियांसकट दळलेला माल. दुकानदार म्हणतो, नैसर्गिक वस्तूला फेस कमीच येतो. हे साफ चूक आहे. रिठ्याची सगळी करामत सालीतल्या सॅपोनिनची, म्हणजे फेस आणणाऱ्या द्रव्याची, आणि चांगली साल भरपूर फेसाळते. अर्धा चमचा पावडर बाटलीत अर्धा कप पाण्यात टाकून अर्धा मिनिट जोरात हलवा. दहा मिनिटांनीही फेस टिकला तर पावडर ठेवा, बसला तर परत करा.

आता त्या बीबद्दल. वाळलेल्या फळात साल साधारण 55 टक्के, उरलेलं वजन बीचं. ती धुण्याच्या काही कामाची नाही, पण पैसे तिचेही मोजावे लागतात. म्हणून भाव विचारताना गणित करा: सोललेला रिठा अख्ख्याच्या पावणेदोनपटीच्या आत मिळत असेल तर सोललेलाच घ्या. मिक्सरमध्ये एखादी बी राहिली तर पात्याची धार गेलीच म्हणून समजा. मशीनमध्ये पुरचुंडी टाकणाऱ्यांनीही बिया आधी काढाव्यात, नाहीतर ड्रमवर खडखडाट होतो. फळं दोन कडक उन्हं दाखवून खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचली की बी सुटी होते. पावसाळ्यात साल दमट होऊन चिवट बनते, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच उरका.

माझं प्रमाण असं: 50 ग्रॅम साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायची. पातेलं अर्धं रिकामं हवं, फेस उतू जातो. गार झाल्यावर साल हाताने कुस्करून सुती फडक्याने गाळायची. चोथा अर्धा लिटर पाण्यात पुन्हा उकळला की दुसरा काढा निघतो. तो पातळ असतो, पण फरशीला पुरतो. बादलीभर कपड्यांना पहिल्या काढ्याचा एक कप पुरे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट: बोअरच्या क्षाराच्या पाण्यातही तो काम करतो. साबणाचा कॅल्शियमबरोबर चिकट साका होतो, सॅपोनिनचा होत नाही. रेशीम आणि लोकरीला याच्यासारखं दुसरं काही नाही. पैठणी किंवा शाल गार पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पिळू नका. पण तेलकट कढई आणि कॉलरचा मळ याला झेपत नाही, आणि पांढऱ्या कपड्यांवर हळूहळू पिवळट झाक येते. काढा बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत आंबतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, लागेल तेवढे तुकडे काढा. डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. धुण्याचं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, माशांना ते विषारी आहे.

इथवर माझा कौल सोललेल्या रिठ्याच्याच बाजूने होता. आता वर्षातून एकदा तरी अख्खी फळं घ्यावीत असं वाटतं, कारण ओळख पटते ती त्यांच्यावरूनच. आपल्याकडच्या झाडाची फळं दोन-तीनच्या जोडाने चिकटलेली असतात. पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, दोन-तीन जोड्या. उत्तराखंड-हिमाचलकडचा रिठा गोल, सुटा, आणि त्याच्या पानाला पर्णिकांच्या पाच ते दहा जोड्या. धुण्याला दोन्ही चालतात. धोका आहे तो बकाणनिंबाचा. त्याचीही फळं पिवळट, घोसाने लागणारी, पण विषारी. त्याची पानं दुहेरी विभागलेली, पर्णिकांच्या कडा दातेरी, आणि आतली आठळी खाचदार. रिठ्याच्या पर्णिकांची कड सरळ आणि बी गोल, काळी, गुळगुळीत. कोरड्या माळावरच्या हिंगणबेटाचा गरही धुण्याला वापरतात. त्याचे लांब काटे आणि जोडीने येणाऱ्या दोनच पर्णिका पाहिल्या की गोंधळ होत नाही.

लावायची तर उकळलेल्या फळातली बी चालत नाही, ती मेलेली असते. कोरड्या फळातली घ्या, गर पूर्ण धुऊन काढा, मग दगडावर एका बाजूने घासून कवच थोडं पातळ करा. कोमट पाण्यात चोवीस तास भिजवा, तरंगणाऱ्या बिया टाकून द्या. सोटमूळ खोल जातं, म्हणून पिशवी निदान फूटभर उंच हवी. बी दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा, माती ओलसर ठेवा पण पाणी साचू देऊ नका, बी कुजते. उगवायला महिना किंवा त्याहून जास्त लागतो, तोवर पिशवी उकरून बघू नका. रोप पावसाच्या सुरुवातीला कायमच्या जागी लावा, भिंतीपासून लांब, कारण झाड मोठं होतं. फळ धरायला बरीच वर्षं जातात. तोवर वर सांगितलेलं पावणेदोनपटीचं गणित करूनच विकत घ्या.