मासे ताजे, तात्या फॉर्मात, टीम गाळात

आधीच सांगते, खानावळीचं नाव देत नाहीये, आणि द्यायचं म्हटलं तरी बोर्ड कुठाय? २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा बोर्ड उडून मागच्या माडांत जाऊन पडला, तो तात्यांनी उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला आणि अजून तिथेच आहे. मालवण-आचरा पट्ट्यात कुठेतरी आहे एवढं पुरे, कारण माझं सासर तिकडचं आणि तात्या सासऱ्यांच्या ओळखीतले, मला परत जायचंय जेवायला. वर्षभरात तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा जेवण तेच आणि सर्व्हिस मात्र वेगवेगळी, त्याचं कारण पुढे येईलच.

जेवणाचं आधी, कारण तिथे भांडणच नाही. बांगड्याचं तिखलं मागवा, डोळे झाकून. घट्ट, लालभडक, तिरफळं नुसती ठेचून टाकलेली, नवीन माणसाने ती बाजूला काढून ठेवावीत नाहीतर जीभ झिणझिणते, माझ्या मुलीने एक चावलं आणि पुढची दहा मिनिटं "आई माझी जीभ झोपलीय" करत बसली. सोलकढी खऱ्या नारळाच्या दुधाची, ती पाकिटातली गुलाबी पावडर नाही, वाटीच्या तळाला लसणीचा चोथा सापडतो म्हणजे बघा. भाकरी तांदळाची, चुलीवरची, कडेला जरा करपलेली, मला तशीच आवडते. सोमवारवाल्यांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं आणि खरं सांगू का, ते काही माशांपेक्षा कमी नाही. बांगडा थाळी २२०, सुरमई ४५०, मालवण शहरातल्या टुरिस्ट रेटपेक्षा बरंच बरं.

आणि तात्यांचा एक गुण मानायलाच पाहिजे, माणूस स्वतःच्या मालाबद्दल खोटं बोलत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही ऐटीत सुरमई सांगितली तर गल्ल्यावरूनच ओरडले, "सुरमय आज घेव नकात, बर्फातली असा! बांगडो घेवा, रापणीचो, सकाळचो!" म्हणजे ४५० ची ऑर्डर स्वतःच्या तोंडाने २२० वर आणली, असा हॉटेलवाला दाखवा मला कोण. शेजारच्या टेबलावर पुण्याची फॅमिली होती, त्यांच्या ताटात सुरमई आधीच पडली होती, ते बिचारे एकमेकांकडे बघायला लागले.

तर हेच तोंड. मासा शिळा असला तर मासा शिळा आणि पोरगा शिळा असला तर पोरगा शिळा, तात्यांना फरक करता येत नाही. कारण तात्या नुसते खानावळवाले नाहीत, संघमालक आहेत. आपल्याकडे आता प्रत्येक गावात लीग असते ना, टेनिस बॉलवाली, ऑक्शन काय, फ्लडलाइट काय, यूट्यूबवर लाइव्ह काय, तशातली एक टीम तात्यांनी घेतली. घेताना म्हणे सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माका क्रिकेटातला काय एक कळना नाय, मी आपलो माज्यो होडयो बघतलंय, टीम पोरांची." दोन होड्या आहेत त्यांच्या. टीमच्या टीशर्टवर पाठीमागे खानावळीचं नाव छापलंय, बोर्ड उडाल्यापासून ते नाव वाचायला मिळायची तेवढी एकच जागा. आणि टीममधली तीन पोरं ह्याच खानावळीत वाढपी.

आता सर्व्हिस कळली का? डिसेंबरात गेलो तेव्हा आदल्या रात्री टीम सेमी जिंकली होती, पोरं उडत होती नुसती, पाणी मागायच्या आत पाणी, सोलकढी तीनदा फुकट, एकाने माझ्या मुलीला तिरफळाच्या बाबतीत "साखर खा गो बाय" म्हणून चिमूटभर साखर आणून दिली.

फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो तेव्हा मात्र चित्र उलटं. माझे दीर न्यूजर्सीहून आले होते, जत्रेसाठीच. टीम लागोपाठ तीन मॅच हरलेली हे आम्हाला काय माहीत, पण खानावळीत पाय ठेवल्या ठेवल्या कळलं, कारण आत एवढी शांतता की फक्त भांड्यांचा आवाज, आणि मध्येच तात्या. आमच्या टेबलावर जो पोरगा होता तो बोलर, सात नंबरचा. आदल्या रात्री शेवटच्या ओव्हरला फील्डरचा थ्रो आला तेव्हा हा स्टंपामागे गेलाच नाही, रन आउट सुटला, मॅच गेली. हे सगळं आम्हाला गल्ल्यावरून ऐकू येत होतं, तात्या म्हणत होते, "म्हशीसारखो उबो रवलस मेल्या, म्हशीसारखो! म्हशीक तरी दूध येता!" आणि पोरगा माझ्या दिरांच्या वाटीत सोलकढी ओततोय. दोन बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली, तीसुद्धा हळदीने पिवळी झालेली. वाटी भरली, भरून वाहायला लागली, भातात गेली, तरी तो ओतत होता, नजर तिकडे गल्ल्याकडे. दिरांनी हळूच जगच्या तळाला हात लावला तेव्हा थांबला. सॉरी पण नाही म्हणाला, नुसता उभा.

तो आत गेल्यावर दीर हसायला लागले. मला राग आला, म्हटलं त्यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "वहिनी, हसत नाहीये हो, पण हे म्हणजे अगदी डिट्टो आमचा स्टाइनब्रेनर." दीर वीस वर्षं तिकडे आहेत आणि बेसबॉलचे वेडे, न्यूयॉर्क यांकीजची टोपी घालून जत्रेत फिरणारा माणूस. मासे यायला त्या दिवशी पाऊण तास लागला, त्यामुळे मला अख्खा स्टाइनब्रेनर ऐकायला मिळाला.

हा जॉर्ज स्टाइनब्रेनर ओहायोचा, घरचा धंदा जहाजांचा. १९७३ ला पार्टनर घेऊन यांकीज टीम विकत घेतली आणि तेव्हा पत्रकारांना म्हणाला, मी आपला जहाजं बांधत बसणार, टीमच्या रोजच्या कारभारात नाही पडणार. (होडयो बघतलंय!! मी भाकरी हातात धरून हसले.) आणि मग पहिल्या २३ सीझनमध्ये २० वेळा मॅनेजर बदलले, तिकडे मॅनेजर म्हणजे आपला कोच. एकट्या बिली मार्टिनला पाच वेळा आणला आणि पाचही वेळा घालवला. डेव्ह विनफील्ड म्हणून मोठा खेळाडू, त्याला १९८५ ला पत्रकारांसमोर "मिस्टर मे" म्हणाला, कारण त्यांच्याकडे खरी टक्कर ऑक्टोबरात असते, मे मध्ये सीझन नुकता सुरू झालेला असतो, म्हणजे तू गरज नसताना खेळतोस असा टोमणा. आमच्याकडे मे म्हणजे आंबे आणि चाकरमानी, इथे कोणाला मिस्टर मे म्हटलं तर तो कॉलर ताठ करेल, पण असो. त्याच वर्षी योगी बेरा, टीमचा जुना हिरो आणि तेव्हाचा मॅनेजर, त्याला सीझनच्या १६ मॅचनंतर काढला आणि तेही स्वतः न सांगता, दुसऱ्याकडून निरोप पाठवला. योगीबाबा एवढे दुखावले की १४ वर्षं त्या स्टेडियमची पायरी चढले नाहीत. शेवटी १९९९ ला स्टाइनब्रेनर स्वतः न्यूजर्सीला योगीच्या म्युझियममध्ये गेला आणि माफी मागितली. दीर ते म्युझियम बघून आलेत.

पण दिरांना आमच्या सात नंबरवरून आठवला तो जपानी बोलर, हिदेकी इराबू. बोलर म्हणजे पिचर. बॉल पहिल्या बेसकडे मारला की पिचरने धावत जाऊन तो बेस सांभाळायचा असतो, म्हणजे आपला बोलर स्टंपामागे जातो तसंच. १९९९ च्या सरावाच्या मॅचमध्ये इराबू गेला नाही आणि मालकाने पत्रकारांसमोर त्याला लठ्ठ बेडूक म्हटलं, वर पुवाने भरलेला असं पण. परमुलखात आलेला माणूस, भाषा येत नाही, आणि पेपरात बेडूक. त्यामानाने म्हैस बरी म्हणायची का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दीर म्हणाले, "पण वहिनी, त्याच्या राज्यात सात वेळा वर्ल्ड सीरीज, म्हणजे तिकडची बेसबॉलची फायनल, जिंकले." मी विचारलं, कधी कधी? तर १९७७, ७८, आणि मग एकदम १९९६. मध्ये काय झालं? मध्ये असं झालं की त्याच विनफील्डच्या भानगडी उकरून काढायला ह्याने एका जुगारी माणसाला ४० हजार डॉलर दिले, ते बाहेर आलं, आणि १९९० ला त्याला टीमच्या कारभारातून बाहेर काढलं. बातमी आली तेव्हा त्याच्याच स्टेडियममध्ये त्याच्याच टीमच्या चाहत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. १९९३ ला परत आला. आणि मधल्या काळात ऑफिसातल्या लोकांनी नवीन पोरं न विकता, न हाकलता जपली, डेरेक जीटर १९९२ ला घेतला तो ह्याच काळात. पुढे १९९६ ला जिंकली ती हीच पोरं घेऊन.

तेव्हा तिखलं आलं एकदाचं, आणि खरं सांगते, पाऊण तास माफ केला.

संध्याकाळी दिरांना मॅच दाखवायला नेलं. तात्यांची टीम पाचव्या ओव्हरलाच गेल्यात जमा होती. संपल्यावर तात्या सरळ समालोचकाच्या टेबलाशी गेले आणि माइक घेतला. म्हटलं आता बक्षीस वगैरे जाहीर करतायत की काय. तर, "ग्रामस्थांनू, ह्या टीमच्या वतीन मी तुमची सगळ्यांची माफी मागतंय. पैसे माजे गेले, इज्जत गावाची गेली. ज्यांका खेळूचा नाय तेंनी उद्या टीशर्टा परत आणून देवा." कर्णा गावाच्या टोकापर्यंत, वर यूट्यूब लाइव्ह. दिरांनी मला कोपर मारलं, म्हणाले १९८१ ला हरल्यावर स्टाइनब्रेनरने पण अशीच अख्ख्या न्यूयॉर्कची जाहीर माफी मागितली होती, आणि खेळाडूंना ती शिवीपेक्षा जास्त लागली. मला ते लगेच पटलं कारण समोर सात नंबर उभा होता, त्याची आई पण मॅच बघायला आलेली होती, डोक्यावर पदर घेऊन, ती तशीच उठली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी दिरांना परत तिखलं हवं होतं म्हणून गेलो. टेबल पुसायला पोरगा आला, त्याच्या हातातलं फडकं निळं, चमकदार कापडाचं. नीट बघितलं तर त्यावर ७ छापलेला आणि वर खानावळीचं नाव. टीशर्टं परत आली होती तर! पोरांनी काही बोलायचं ठेवलंच नव्हतं. स्वच्छतेच्या बाबतीत म्हणाल तर फडकं चांगलं धुतलेलं होतं.

आता कोणी म्हणेल पैसे घालणाऱ्याने बोलायचं पण नाही का. बोला ना! पण आयपीएलचं विसरलात का, मे २०२४, हैदराबादने लखनौचे १६६ चे टार्गेट ९.४ ओव्हरमध्ये एकही विकेट न घालवता मारले, आणि मग लखनौचे मालक ग्राउंडवर के. एल. राहुलसमोर हातवारे करत उभे, कॅमेरे चालू. काय बोलले ते देवाला ठाऊक पण सगळ्या देशाला हात दिसले. पुढच्या सीझनला राहुल दिल्लीकडे. हे खोलीत दार लावून झालं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

तिसऱ्यांदा गेले ती मे च्या शेवटी. सात नंबर नव्हता. खाडीपलीकडच्या हॉटेलात लागलाय आणि तिकडच्याच टीमकडून खेळतो, ही माहिती मला बिल मागितल्यावर मिळाली, न विचारता. उरलेल्या दोघांतला एक आजारी. तात्या स्वतः वाढत होते, एका हातात भाताचं पातेलं आणि दुसऱ्या हातात मोबाइल, भाकरी दोनदा विसरले, माझ्या मुलीला सुंगटाऐवजी, म्हणजे कोळंबीऐवजी, बांगडा दिला. मला वाटलं बोलावं, पण चार दिवसांनी जून लागणार होता, जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवायच्या तयारीत. अंड्यावर आलेली मासळी वाढू दे म्हणून बंदी असते ना, तर मनात आलं, तात्यांच्या माइकला पण दोन महिने अशीच बंदी घाला, बारकी पोरं जरा वाढू देत.

त्या दिवशी तिखल्यात मीठ जास्त होतं. तात्यांनीच विचारलं, "वैनी, जेवण कसा झाला? खरा सांगा." मी सांगितलं, मीठ जास्त झालंय. एका क्षणात ताट उचललं, बिलातून कापलं, आणि वळून स्वयंपाकघराकडे तोंड करून सुरू, सगळ्या गिऱ्हाईकांसमोर, "हाताक काय झाला? मिठागरात बसून रांदलास?" आतून त्यांची बायको, मी तिला तीन खेपांत कधी बघितलेली नाही, नुसता आवाज ऐकला, अगदी शांत: "मगे उद्यापासून तुमीच रांदा. मी टीशर्ट परत दितंय."

तात्या गप्प. मला दुसरं ताट आलं, त्यात बांगडा तळलेला, कुरकुरीत, वर एक वाटी सोलकढी जास्तीची. ती कोणी पाठवली ते विचारलं नाही.

जेवणाला पाच स्टार. सर्व्हिसला किती द्यायचे ते लीगच्या पॉइंट टेबलवर बघा. फोन पे चालतं, रेंज नसली तर कॅश ठेवा. गाडी माडांखाली लावू नका, नारळ पडतात. सोमवारी चालू, गुरुवारी बंद. आणि रविवारी फायनल वगैरे असली तर सकाळी फोन करून आधी निकाल विचारा, मगच निघा.