जुन्या पिकअपला सेकंडहँड इंजिन बसवताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

आमच्या घरची बोलेरो पिकअप 2006 ची. द्राक्षाचे बरे पैसे झाले त्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली. 2523 सीसीचं डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन, एमएच 10 चा नंबर. तासगाव तालुक्यातल्या आमच्या रानातून सांगलीला बेदाणा, वाशीला द्राक्षाच्या पेट्या, येताना खतं-औषधं, अशी सतरा वर्षं ती राबली. माझं लग्नाचं सामानही तिच्याच हौद्यातून आलं.

2023 च्या पावसाळ्यात तिनं दम टाकला. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत होतं, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूनं खाली ऑइलकडं निसटत होता. चालू गाडीत ऑइलचं झाकण काढलं की भसाभस धूर यायचा. हौद्याचा पत्रा खालून गंजून पिठासारखा झाला होता, पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले होते. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात. आदल्या वर्षी अवकाळीनं बाग झोडपलेली, त्यात हप्ता अंगावर घेणं शक्य नव्हतं. म्हणून ठरवलं की हीच गाडी नीट उभी करायची. हौदा, दारं, पॉवर स्टेअरिंग, जमलं तर इंजिनही जुन्या बाजारातून घ्यायचं आणि जानेवारीत पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करून हंगामाला लागायचं.

जुने पार्ट वापरण्यात काही वाईट नाही, हे माझं मत आजही आहे. हौदा आम्हाला मिरजेजवळ एका शेतकऱ्याकडे मिळाला. त्याची गाडी उलटली होती, मागचा भाग शाबूत होता. दारं, काचा, सीट, बंपर जुने घेतले आणि सगळे अजून चांगले आहेत. पॉवर स्टेअरिंगचा पूर्ण सेट, पंप, बॉक्स, पाइप आणि टाकीसकट, बसवल्यापासून अण्णांचे खांदे दुखायचे थांबले. ब्रेकचे होज आणि व्हील सिलिंडर मात्र नवेच टाकले. रबरी आणि जीव वाचवणाऱ्या वस्तू भंगारातून घेऊ नयेत, एवढं आम्हाला कळत होतं.

चुकलं ते इंजिनात.

आमच्या मिस्त्रींनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे आमचंच इंजिन उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरात न्यायचं. स्लीव्ह, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड, पंप-नोजल, सगळं मिळून ऐंशी-पंच्याऐंशी हजार आणि तीन आठवडे. दुसरा रस्ता, हायवेकडेच्या एका यार्डात, म्हणजे जुने पार्ट विकणाऱ्याच्या आवारात, अपघाती गाडीचं तयार इंजिन आहे, पासष्ट हजार. आमचं जुनं इंजिन ते बारा हजारांत घेतील. म्हणजे त्रेपन्न हजारांत काम आणि दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. आम्ही दुसरा रस्ता धरला.

यार्डाचा मालक बोलायला फार गोड. "मालक, समोरून ठोकलेली गाडी आहे, साठ हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केली. कागद आहेत, बघून घ्या." त्यानं आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राची, झेरॉक्स दिली. मी स्वतः वाकून, मोबाईलच्या उजेडात इंजिनवरचा नंबर एकेक अक्षर वाचला. झेरॉक्सशी तंतोतंत जुळला. इंजिन स्टँडवर चालू करून दाखवलं. थंडगार होतं, अर्ध्या सेल्फला पकडलं, झाकण काढलं तरी धूर नाही. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. मी फोनवरून पैसे टाकले.

त्या दिवशी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि आम्हा दोघांनाही दिसली नाही. गाडी समोरून ठोकलेली, तर रेडिएटर आत घुसतो, फॅनची पाती तुटतात, पुढची पुली वाकते, अल्टरनेटरचा ब्रॅकेट तडकतो. या इंजिनाचा फॅन अख्खा होता. पुलीवर ओरखडा नव्हता. पुढच्या बाजूच्या वायरिंगचे प्लास्टिकचे क्लिपसुद्धा जागेवर होते, आणि वायरी मात्र एकाच रेषेत कटरनं कापलेल्या. अपघातात वायरी तुटतात, ओढल्या जातात, अशा कापल्या जात नाहीत. मी हे तेव्हा ताडायला हवं होतं. तुम्ही ताडा.

बिल मागितलं तर छापील पावती मिळाली: "जुने लोखंड, एक नग, वजन 215 किलो". इंजिन नंबर नाही. मी म्हटलं, नंबर टाका. तर म्हणाला, "जीएसटीत स्क्रॅप असंच दाखवावं लागतं. नंबर तर आरसीवर आहेच ना, भाऊ." मला ते पटलं.

त्याच यार्डातून पाच हजारांत क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचा, सेटही घेतला, आमचा आवाज करत होता म्हणून. चाळीसच्या स्पीडपुढं गेलं की हा बसवलेला सेटही गुंगुं करायचा. हौसिंग उघडल्यावर कळलं, क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचा. ही दोन चाकं एकमेकांवर घासून जोडीनं बसवलेली असतात आणि कारखान्यात दोन्हींवर एकच जोडी-नंबर टाकतात. तो नंबर जुळला नाही तर सेट घेऊच नका. ते पाच हजार गेले, पण त्याचं फार वाटलं नाही. पुढं जे झालं त्यापुढं ते काहीच नव्हतं.

डिसेंबरअखेर गाडी तयार झाली. पांढरा रंग, नवा हौदा, नवी ताडपत्री. अण्णा संध्याकाळी तिच्याभोवती फेऱ्या मारायचे. धंद्याच्या गाडीला आठ वर्षं उलटली की दरवर्षी पासिंग करावं लागतं, आमची तारीख जानेवारी 2024 मध्ये होती. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मान्यता घ्यायची आणि बदलल्यावर 14 दिवसांत आरसी नेऊन नोंद करायची, असा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा नियम आहे. मला हे अर्धवट ठाऊक होतं. एजंट म्हणाला, "पासिंगलाच दोन्ही करून टाकू." मी मान डोलावली.

पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी चासीचा नंबर पाहिला, मग बॉनेट उघडायला लावलं. ब्लॉकच्या बाजूच्या सपाट जागेवरचा नंबर फडक्यानं पुसला, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. हळूहळू आकडे कागदावर उमटले. साहेब तो कागद उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं आणि नखानं दाखवलं. आठाच्या पोटात एक पुसट उभी रेघ होती. शेवटून तिसऱ्या आकड्यामागं दुसऱ्याच आकड्याची सावली. आणि सगळी ओळ उजवीकडं किंचित चढत गेलेली. डोळ्यांनी लोखंडावर बघताना यातलं काहीच दिसत नव्हतं, कागदावर सगळं आलं.

"हा नंबर कंपनीनं मारलेला नाही," एवढंच ते म्हणाले. गाडी तिथूनच पोलिस ठाण्यात गेली.

नंतर जे समजलं ते असं. चोरीची गाडी कापतात. इंजिनवरचा खरा नंबर ग्राइंडरनं घासून काढतात. मग खरोखर अपघातात भंगार झालेल्या दुसऱ्याच गाडीचे कागद मिळवतात आणि तिचा इंजिन नंबर हातानं पंच मारून या इंजिनवर ठोकतात. म्हणजे तुम्ही नंबर आणि कागद ताडून बघितलेत तरी ते जुळणारच, कारण कागदावरूनच नंबर ठोकलेला असतो. भंगार गाड्यांच्या कागदांना किंमत येते ती यामुळं. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. आमच्या हातातल्या झेरॉक्सवाल्या गाडीची नोंदणी रद्दच केलेली नव्हती.

फॉरेन्सिक लॅबनं आम्लाची प्रक्रिया करून खरा नंबर वर आणला. पंच मारताना आकड्याखालचं लोखंड आतपर्यंत दाबलं जातं. वरचा थर घासला तरी ती दाबलेली जागा राहते आणि आम्ल तिथं वेगळ्या गतीनं खातं, म्हणून घासलेला आकडा परत दिसतो. तो नंबर दुसऱ्या जिल्ह्यातून चोरीला गेलेल्या पिकअपचा निघाला.

त्या गाडीचा मालक मला कोर्टाच्या आवारात भेटला. दूध वाटपाचा धंदा, माझ्याच वयाचा. गाडी रात्री दारातून गेली होती. इन्शुरन्सचा दावा अडकलेला आणि फायनान्सचा हप्ता चालूच. त्यानं मला एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त विचारलं, "बाकीची गाडी कुठं दिसली का हो?" मला उत्तर देता आलं नाही. माझी फसवणूक झाली म्हणून मी तोवर रागात होतो. त्या प्रश्नानंतर मला माझे त्रेपन्न हजार वेगळे दिसायला लागले. ते पैसे त्याची गाडी कापणाऱ्यांच्या खिशात गेले होते.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही, पण तो होऊ शकला असता. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, घेतला तर तो गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 411 होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 317 आहे. मला वाचवलं ते फोनवरून केलेल्या पेमेंटनं, इंजिन चालू करतानाच्या व्हिडिओनं आणि यार्डवाल्याशी झालेल्या मेसेजनी. रोख देऊन गपचूप इंजिन आणलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? यार्डाला कुलूप होतं, फोन बंद. मिस्त्रींनी स्वतःहून पोलिसांना सांगितलं की या सौद्यात त्यांना पाच हजार मिळाले होते. कमिशन मिळालं, पण माल चोरीचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं. त्यांच्याकडं आम्ही आजही जातो. पण माल दाखवणारा आणि माल तपासणारा एकच माणूस नसावा, हे मात्र मी आता घरात सगळ्यांना सांगितलंय.

गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, मिळाली एप्रिलमध्ये, इंजिनाशिवाय, टोचन लावून. अख्खा द्राक्षाचा हंगाम दुसऱ्याच्या गाड्या भाड्यानं लावल्या. भाडं, वकील, हेलपाटे धरून सव्वा लाखाच्या वर गेले. आमचं स्वतःचं इंजिन पंच्याऐंशी हजारांत नवं झालं असतं.

आता कुणी विचारलं तर मी एवढं सांगतो. इंजिन घ्यायचंच तर ज्या गाडीतून निघालं ती गाडी, निदान तिचा सांगाडा, डोळ्यांनी बघा. टोटल लॉस म्हणत असतील तर विमा कंपनीचं पत्र मागा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, आणि त्याची लेखी कागदपत्रं होतातच. नोंदणी रद्द झाल्याचा आरटीओचा कागद मागा. मूळ मालकाला फोन लावा. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, नाही म्हटलं की तिथून उठा. पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं, ते जरूर बघा, पण बदललेला नंबर तिथं स्वच्छच दिसणार. म्हणून खिशात पेन्सिल आणि पातळ कागद ठेवा. नंबरावर ताजा रंग असेल तर तो खरवडून बघू द्या म्हणा. आसपासच्या बिडावर ओतीव खडबडीतपणा आहे आणि नंबराची पट्टीच तेवढी ग्राइंडरनं चमकवलेली आहे, असं दिसलं तर एक पैसा देऊ नका. आणि मान्यतेचा अर्ज आधी, इंजिन नंतर.

मेरठच्या सोतीगंज बाजाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चोरीच्या गाड्या कापून पार्ट विकण्यासाठी तो देशभर बदनाम होता, डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बंद केला. हे सगळं लांब तिकडं उत्तरेत चालतं, असं मलाही वाटायचं.

आमची गाडी सध्या छपरात उभी आहे. या वेळी गावातल्याच एका माणसाच्या उलटलेल्या गाडीचं इंजिन ठरवलंय, आरटीओच्या मान्यतेचा अर्ज केलाय.

एक विनंती आहे. आमचं जुनं इंजिन, जे बारा हजारांत दिलं, ते अजून सापडलेलं नाही. आरसीवर नंबर अजून त्याचाच आहे, आणि आत्तापर्यंत त्याच्यावरही दुसरा नंबर ठोकला गेला असेल. डाव्या बाजूच्या फाउंडेशनचा कान, म्हणजे इंजिन चासीवर जिथं बसतं तो कान, 2011 साली तुटला होता, तो अण्णांनी पितळी वेल्डिंगनं जोडून घेतलाय. बोटभर लांबीचा, पिवळा, थोडा वाकडा जोड आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात कुणाला असं डीआय इंजिन विकायला दाखवलं, तर घेऊ नका आणि जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा.