नागरिकत्वाचा ऑनलाइन अर्ज आणि शपथेची तारीख: गोव्यातल्या अर्जदारांसाठी परीक्षण

ब्रिटनमधल्या स्विंडनला स्थायिक झालेल्या नातेवाइकांचे समारंभाचे फोटो पाहून शपथेबद्दल जी कल्पना होते, ती इथे लागू नाही. तिकडे निमंत्रणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत समारंभाला जावं लागतं. म्हणजे दिवस मोजता येतात. आपल्याकडे सीएए, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याखालच्या अर्जात टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती अर्जदाराला बोलावते. तिच्यापुढे मूळ कागद दाखवायचे, शपथ घ्यायची, सही करायची. शपथ एकाच वाक्याची आहे: संविधानाशी निष्ठा, कायद्यांचं पालन आणि नागरिकाची कर्तव्यं.

सीएएचे नियम 11 मार्च 2024 रोजी लागू झाले आणि ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यातलं पहिलं प्रमाणपत्र दिलं गेलं. गोवा मुक्तीपूर्वी कराचीला गेलेल्या आणि पाकिस्तानी पासपोर्टवर परतलेल्या गोंयकारांसाठी ही सेवा खरोखर मोलाची आहे. मात्र भारतात प्रवेश 31 डिसेंबर 2014 किंवा त्याआधीचा हवा. केंद्राच्या परदेशी नागरिकांविषयीच्या 2025च्या आदेशातली 31 डिसेंबर 2024 ही तारीख कागदपत्रांशिवाय राहण्याच्या सवलतीची आहे, नागरिकत्वाची नव्हे. या दोन तारखांची गल्लत सर्रास होते.

अर्ज केंद्राच्या नागरिकत्व पोर्टलवर भरायचा, शुल्क फक्त 50 रुपये. भरून झाला की पोचपावती तिथेच तयार होते. इथवर सगळं सोपं आहे. अडतं ते फॉर्म निवडताना. बहुतेक जण सरळ आठ-ए, म्हणजे देशीयकरणाचा (वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागण्याचा) फॉर्म उघडतात. पण कायद्यात ‘भारतीय वंशाची व्यक्ती’ या व्याख्येत 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशात जन्मलेलेही येतात. त्यामुळे अर्जदार स्वतः किंवा आईवडिलांपैकी कोणी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेलं असेल, तर दोन-ए, म्हणजे भारतीय वंशाच्या व्यक्तीचा फॉर्म बघा. नवरा किंवा बायको भारतीय असेल तर तीन-ए. या दोन्हींना सात वर्षांचं वास्तव्य लागतं. आठ-एसाठी अर्जापूर्वीचं सलग एक वर्ष आणि त्याआधीची पाच वर्षं.

कागदांच्या बाबतीत नियम उदार आहेत आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्टही चालतो. भारतात आल्याच्या पुराव्यासाठी व्हिसा व इमिग्रेशनचा शिक्का, परदेशी नोंदणी कार्यालयाचा परवाना, रेशनकार्ड अशी लांबलचक यादी दिली आहे. त्यातला एक सबळ कागद पुरतो.

खरा घोळ नावांचा. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत ‘जुआंव’, कराचीच्या पासपोर्टवर ‘जॉन’. नोंदीत आईचं आडनावही जोडलेलं, पासपोर्टवर नुसतं बापाचं. घरच्यांना माणूस एकच दिसतो, पडताळणी करणाऱ्याला दोन. म्हणून जुन्या नोंदीची प्रमाणित नक्कल नोंदणी कार्यालयातून आधीच काढा. जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेली असतील तर तिथे अर्ज करा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही सोबत ठेवा. शिवाय अर्जातला मजकूर खरा असल्याचं स्वतःचं आणि चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं, अशी दोन प्रतिज्ञापत्रं लागतातच. तेव्हा नोटरीकडची तिन्ही कामं एकाच खेपेत उरका आणि नावाचं स्पेलिंग तिन्हींत एकच ठेवा.

भाषेच्या रकान्यात इंग्रजी लिहू नका, ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांच्या यादीत नाही. कोकणी आहे, मराठीही आहे. कराचीत वाढलेल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने बिनदिक्कत कोकणी लिहावं.

आता तारीख. अर्जदार प्रत्यक्ष आला नाही तर समिती त्याला वाजवी संधी देते. तरीही आला नाही तर अर्ज नाकारण्याच्या विचारासाठी वरच्या अधिकारप्राप्त समितीकडे जातो. ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस, हे नियमात सांगितलेलं नाही, आणि आमच्या मते या सेवेची सर्वांत मोठी उणीव हीच. निदान एक आकडा छापायला हवा होता. तोवर पहिली तारीख हीच शेवटची समजावी. आजारपण असेल तर तारीख उलटण्यापूर्वी डॉक्टरच्या दाखल्यासह लेखी विनंती द्या आणि तिची पोच घ्या. मुलगा किंवा वकील बदली म्हणून चालत नाही. शपथ ज्याची त्यानेच घ्यायची.

फॉर्मची निवड बरोबर आणि नावं जुळलेली असतील तर या सेवेला पाचपैकी चार गुण. अर्ज मंजूर झाला की नागरिकत्व भारतात प्रवेश केल्याच्या तारखेपासून धरलं जातं, ही मोठीच गोष्ट आहे.

बोलावणं ईमेल आणि एसएमएसवर येतं. तेव्हा अर्ज सायबर कॅफेत भरलात तरी नंबर तिथल्या पोराचा देऊ नका. घरातल्या अशा माणसाचा द्या, जो रोज मेसेज बघतो आणि सिम बदलत नाही.