बडोद्यात लेटरप्रेससाठी जुना गॅली प्रूफ प्रेस घ्यावा का? माझा रिव्ह्यू

लेटरप्रेस (उठावाच्या अक्षरांना शाई लावून कागद दाबायची जुनी छपाई) करायचंय, मशीन कुठलं घेऊ, असं फाईन आर्ट्सची मुलं सारखी विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. फतेगंजला ओळखीच्यांच्या स्टुडिओत एक जुना गॅली प्रूफ प्रेस आहे, त्यावर मी मुंजीची आमंत्रणं, लग्नपत्रिका, छोटी पोस्टरं काढतो. आणि माझं मत पक्कं आहे, मराठी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, हाताने जुळवून छापायचे असतील तर ट्रेडलच्या (दोन सपाट पाट मिटवून छापणाऱ्या मशीनच्या) मागे लागू नका, हाच घ्या.

मशीन म्हणजे काय, बिडाचा सपाट बेड, दोन्ही बाजूंना रूळ, आणि त्यावरून हाताने ढकलायचा जड सिलिंडर, बस्स. पूर्वी छापखान्यात कंपोझिटरने मजकूर जुळवला की गॅली, म्हणजे तो मजकूर ठेवलेला पत्र्याचा ट्रे, ह्याच्यावर यायची, शाई फिरवून एक कागद काढायचा आणि तो प्रूफ वाचणाऱ्याकडे जायचा. चुका पकडायलाच बनवलेलं मशीन आहे हे, त्यामुळे झिजलेला खिळा, वर आलेला लेड (ओळींमधली शिशाची पट्टी), सैल ओळ, सगळं पहिल्याच कागदावर दिसतं.

मराठीसाठी का म्हणतो ते सांगतो. वेलांटी, रफार, मात्रा ह्यांचे काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर निघालेले असतात, आणि शिसं-अँटिमनी-कथलाचा मिश्रधातू किती ठिसूळ असतो ते एकदा मात्रा तुटली की कळतं. ट्रेडल अख्ख्या फर्म्यावर (छापायला बांधलेल्या मजकुरावर) एकदम दाब देतं, सिलिंडर मात्र एका वेळी एक बारीक पट्टीच दाबत पुढे जातो, म्हणून कमी जोरात मोठा फर्मा स्वच्छ उठतो आणि बोटं अडकायची भीतीही खूप कमी. हल्ली गिऱ्हाईकांना कागदात खोल रुतलेला ठसा हवा असतो, तो हवाच असेल तर पॉलिमर प्लेट (प्लॅस्टिकचा उठावाचा ठसा) करून घ्या, जुन्या खिळ्यांवर तो अत्याचार करू नका प्लीज! नवे ओतून देणारे कुठे राहिलेत आता?

एक महत्त्वाची गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, पण ह्या प्रेसचा बेड गॅलीच्या पत्र्याच्या जाडीएवढा खाली असतो कारण गॅलीसकटच प्रूफ काढायचं असायचं. म्हणून थेट बेडवर फर्मा ठेवलात तर अर्धी अक्षरं उठणार नाहीत, खाली तेवढ्याच जाडीचा सपाट पत्रा घाला, मग सिलिंडरवरचं पॅकिंग (गुंडाळलेलं कागदाचं अस्तर) एकेक कागदाने वाढवत जा.

यूट्यूबवर बघून सगळ्यांना व्हँडरकुक हवा असतो. शिकागोच्या रॉबर्ट व्हँडरकुकने १९०९ मध्ये सुरू केलेली कंपनी, मशीन खरंच देखणं, पुढच्या मॉडेलांत कागद धरायला ग्रिपर, शाईचे रोलर मोटरवर. नॅशव्हिलचं हॅच शो प्रिंट, १८७९ पासूनचं दुकान, आजही असल्या मशीनवर पोस्टरं छापतं. पण तो इथे आणायचा म्हणजे कस्टम्स, क्रेन आणि नंतर पार्टसाठी परत अमेरिका. आपल्याकडचा साधा प्रेस गावातला कुठलाही चांगला टर्नर दुरुस्त करतो.

त्रास आहेतच. ग्रिपर नाही म्हणून दोन रंगांचं रजिस्टर (दोन्ही ठसे नेमके जागेवर) जुळवायला पिना आणि भरपूर धीर लागतो, शाई दर कागदाला हात-रोलरने, त्यामुळे पाचशे पत्रिकांची ऑर्डर ह्यावर घेऊच नका. मे महिन्यात शाई पातळ होते, सकाळी लवकर छापा, रोलर रबराचाच घ्या कारण जुने सरसाचे उन्हाळ्यात मऊ पडतात. पावसाळ्यात बेडवर गंज धरतो, घासलेटने धुवून कोरडं करून पातळ मशीन ऑइलचा हात मारायचा, रोज.

घेताना बेडवर लोखंडी पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा, सिलिंडर सावकाश फिरवा, कुठे अडकला किंवा खडखडला तर बेअरिंग बघून घ्या. गंज वरवरचा असेल तर चालतो, सिलिंडरला खड्डा असेल तर सोडून द्या. कॅफेत ठेवायला काळा चकचकीत रंग मारलेले तर नकोच, बेडवरसुद्धा रंग असतो आणि तो खरवडून उंची परत जमवणं फार जिकिरीचं. सयाजीरावांच्या काळात, १९१६ ला गायकवाड ओरिएंटल सिरीज ही जुन्या संस्कृत ग्रंथांची मालिका सुरू करणाऱ्या ह्या गावात हे प्रेस भंगाराच्या वजनावर जातात ह्याचं फार वाईट वाटतं. जुन्या छापखान्यांत चौकशी करा आणि मिळाला तर केस (खिळ्यांचे खण), स्टिक (ओळ जुळवायची पट्टी), गॅल्या, लाकडी फर्निचर (मोकळी जागा भरायचे ठोकळे) सगळं एकत्रच उचला, नंतर सुटं काही मिळत नाही.