पासपोर्ट नूतनीकरण: तत्काळचे दोन हजार दोनदा कसे जातात

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली की बरेच देश व्हिसा नाकारतात. हे लक्षात येतं तेव्हा बहुतेकांचं तिकीट काढून झालेलं असतं. संकेतस्थळ उघडावं तर जवळच्या पासपोर्ट केंद्राची पहिली मोकळी तारीख प्रवासाच्या तारखेला येऊन टेकलेली. मग कुणीतरी एका एजंटाचा नंबर देतो. "परवाची अपॉइंटमेंट मिळवून देतो, तत्काळमध्ये, सगळं धरून सात हजार." फसवणूक इथून सुरू होते, आणि ती कळते ती थेट केंद्राच्या खिडकीवर.

आधी खरा हिशोब पाहा. प्रौढ व्यक्तीच्या 36 पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची फी 1500 रुपये आहे, 60 पानी असेल तर 2000. तत्काळसाठी त्यावर आणखी 2000. मात्र तत्काळचा अर्ज असला तरी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेताना फक्त साधी फी, म्हणजे 1500 रुपयेच भरायचे असतात. वरचे 2000 केंद्रात गेल्यावर द्यायचे. बहुतेक लोकांना हे माहीत नसतं आणि एजंटाची कमाई नेमकी यातच आहे. तो "सरकारी फी 3500" म्हणून पैसे घेतो, 1500 भरतो आणि पावती दाखवायचं टाळतो. अपॉइंटमेंटच्या दिवशी ए काउंटरवर, म्हणजे केंद्रातल्या पहिल्या खिडकीवर, फोटो, बोटांचे ठसे आणि कागदपत्रांचं काम होताना कर्मचारी दोन हजार मागतो. एजंटाचा फोन तोवर बंद झालेला असतो. कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, कारण त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

याहून वाईट म्हणजे अर्जच साधा भरलेला असतो. तत्काळचे पैसे घेतले, पण फॉर्ममध्ये प्रकार साधा निवडला. म्हणून पैसे देण्याआधी भरलेल्या अर्जाची प्रिंट मागा आणि त्यावर अर्जाचा प्रकार, पानांची संख्या, केंद्राचं नाव आणि भरलेली रक्कम स्वतः वाचा. घाईत केंद्रही भलतंच निवडलेलं निघतं. पुण्यातल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोस्ट ऑफिसातल्या केंद्राची तारीख मिळालेली असते.

सगळ्यात घातक गोष्ट मात्र पैशांची नाही, लॉगिनची आहे. एजंट स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. एकदा ते झालं की तारीख बदलायची, अर्ज पाहायचा, पावती काढायची, प्रत्येक वेळी त्याच्याकडेच जावं लागतं आणि प्रत्येक वेळी तो पैसे मागतो. भरलेली फी वर्षभर चालते आणि त्या काळात तारीख तीनदाच बदलता येते. मिळेल ती तारीख आधी पकडून मग सरकवत नेणारा एजंट या तीन संधी तुमच्या नकळत संपवतो. नव्या खात्यातून नवा अर्ज केला तर जुन्या अर्जाची फी त्यात वळती होत नाही. खातं स्वतःच्या ईमेल आणि मोबाइलवर उघडा. फॉर्म भरायला दुसऱ्याची मदत घ्या, पण पासवर्ड देऊ नका.

खोट्या संकेतस्थळांची ओळख सोपी आहे. खऱ्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असाच असतो, मोबाइल ॲपचं नाव 'एमपासपोर्ट सेवा'. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. ही नकली पानं फॉर्म अगदी हुबेहूब दाखवतात, पैसे आणि आधारची माहिती घेतात, पण एआरएन, म्हणजे अर्जाचा सरकारी संदर्भ क्रमांक, काही देत नाहीत. एआरएन नाही म्हणजे सरकारी यंत्रणेत तुमचा अर्जच नाही.

पत्त्याचा पुरावा कमी पडत असेल तर एजंट "भाडेकरार मी करून देतो" म्हणतो. याला अजिबात होकार देऊ नका. अर्जाखाली सही तुमची असते. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 12 नुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मिळालेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो.

केंद्रातलं काम झाल्यावरही सावध राहावं लागतं. पोलीस व्हेरिफिकेशनला फी नाही. घरी येणाऱ्यानं चहापाण्याचे मागितले तरी ते देणं लागत नाही. पासपोर्ट स्पीड पोस्टनं येतो आणि टपालाचा खर्च फीमध्येच धरलेला असतो. "पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, लिंकवर पाच रुपये भरा" असा मेसेज आला तर तो कार्डाची माहिती काढून घेण्यासाठी आहे. पार्सलचा नंबर टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, आली तर उघडू नका.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर नंबर, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका. अर्जाची खरी स्थिती 1800-258-1800 या मोफत क्रमांकावर विचारता येते.