दुसरे अपील चालवणाऱ्या आमच्या वकिलांच्या कामाविषयी

आमचा वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयाने फेटाळला, जिल्हा न्यायालयाने तोच निकाल कायम केला, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात दुसरे अपील करण्यासाठी आम्ही ज्या वकिलांकडे गेलो त्यांच्या कामाचा हा अभिप्राय आहे. अपील प्रलंबित असल्यामुळे कोणाचेही नाव दिलेले नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी आमची हकीकत पाच मिनिटांतच थांबवली. निकालाची तारीख विचारली, कारण अशा अपिलाला ९० दिवसांची मुदत असते आणि त्यातून प्रमाणित नकला मिळण्यास लागलेला काळ वगळला जातो. मग दोन्ही न्यायनिर्णय, साक्षीदारांचे जबाब आणि निशाण्या (न्यायालयाने क्रमांक देऊन पुराव्यात नोंदवलेले कागद) ठेवून घेऊन आठ दिवसांनी यायला सांगितले. तेव्हा हे वागणे तुटक वाटले. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये १९७६ साली दुरुस्ती झाल्यापासून, कायद्याचा सारभूत प्रश्न निघत असेल तरच दुसरे अपील दाखल करून घेतले जाते, आणि कोणता साक्षीदार खोटे बोलला हे सांगण्याची ती जागा नव्हे. आम्हाला तर नेमके तेवढेच सांगायचे होते!

पुढच्या भेटीत आमच्या सगळ्या तक्रारी बाजूला सारून त्यांनी एकच कागद समोर ठेवला, तो म्हणजे प्रतिवादींनी हजर केलेले, नोंदणी न झालेले वाटणीपत्र. दाव्याच्या वेळी त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती, म्हणून तो विषय संपला असे आम्ही धरून चाललो होतो. नोंदणीअभावी दस्त मुळातच पुराव्यास अग्राह्य असेल, तर केवळ निशाणी पडल्याने तो ग्राह्य होत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. आधीच झालेल्या तोंडी वाटणीची ती नुसती याद आहे, तिला नोंदणी लागत नाही, असे उत्तर समोरून येईल आणि ते अगदीच पोकळ नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. वकीलपत्रावर सही होण्यापूर्वी इतके स्पष्ट बोलणारे वकील आम्हाला तरी पहिल्यांदाच भेटले.

ही नजर त्यांच्या पूर्वायुष्यातून आलेली असावी. सुरुवातीची काही वर्षे त्यांनी तालुक्याच्या न्यायालयात स्वतः सरतपासण्या (आपल्याच साक्षीदाराची तपासणी) आणि उलटतपासण्या घेतल्या, नंतर एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात दीर्घकाळ अपिलांचे मेमो, म्हणजे अपिलाची कारणे मांडणारे अर्ज, लिहिले, आणि मगच स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. खालच्या न्यायालयात कागदावर निशाणी कशा घाईत पडते, हे पाहिलेल्या माणसाला रोजनामा, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामाची नोंद, वेगळा वाचता येत असणार. आमच्या अपिलाच्या मेमोत पाल्हाळ नव्हते. अपील दाखल करून घेतले गेले, आणि मिळकत विकू नये असा अंतरिम आदेशही मिळाला.

उणिवा आहेतच. फोन क्वचितच उचलला जातो आणि तारीख पुढे गेल्याचे बहुधा कनिष्ठ वकिलांकडून उशिरा कळते. मेमो इंग्रजीत असतो, आणि त्याचा मराठी सारांश मागितल्याशिवाय मिळत नाही. घरात सापडलेली जुनी पत्रे जोडण्यास त्यांनी नकार दिला, यावरून आमच्यात नाराजीही झाली. मात्र अपिलात नवा पुरावा देण्यास त्याच संहितेच्या आदेश ४१, नियम २७ ची बंधने आहेत आणि ती पत्रे दाव्याच्या वेळीही आमच्याच कपाटात होती, त्यामुळे तो दोष त्यांच्याकडे जात नाही.