हीटिंग पुन्हा भरताना गंजरोधक बाटलीतले घ्यावे की दाबाच्या डब्यातले?

ब्रिटनमधल्या घरी रेडिएटरची जागा बदलल्यावर सेंट्रल हीटिंग (बॉयलरमधले गरम पाणी रेडिएटरांतून फिरवून घर उबदार ठेवणारी यंत्रणा) पुन्हा पाण्याने भरताना गंजरोधक द्रव बाटलीतून ओतावा की दाबाच्या डब्यातून (स्प्रेच्या डब्यासारखा, आत द्रव दाबाखाली असलेला) सोडावा, असा पेच तिथे राहणाऱ्या एका मैत्रिणीपुढे आहे. गंजरोधक हवेच, कारण नव्या पाण्याबरोबर आलेला प्राणवायू पोलादी रेडिएटर आतून खातो आणि त्यातून तयार होणारा काळा गाळ पंपात व बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे पाणी तापते त्या भागात, जाऊन बसतो.

किमतीत बाटली सहसा स्वस्त पडते. मेहनत मात्र पाइप रिकामे आहेत की भरलेले यावर ठरते. रिकामे असतील तर टॉवेल रेलचे (टॉवेल वाळवायच्या रेडिएटरचे) वरचे बूच काढून, नरसाळ्याने द्रव ओतून, बूच पुन्हा घट्ट बसवले की झाले. पाणी दाबाखाली भरलेले असेल तर बाटलीसाठी निदान एक रेडिएटर उपसावा लागतो. डबा मात्र योग्य जोडणीने हवा काढण्याच्या झडपेला किंवा फिलिंग लूपच्या (नळाचे पाणी यंत्रणेत भरणाऱ्या जोडनळीच्या) जागी लावता येतो. त्याने दाब चढतो, म्हणून आधी तो थोडा उतरवून ठेवावा.

टिकाऊपणात मला फरक दिसत नाही. मात्रा एकूण पाण्याच्या प्रमाणात असावी. दोन्ही बाबतींत, बॉयलर थंड असताना दाब साधारण 1 ते 1.5 बार ठेवावा, हवा काढल्यावर तो पुन्हा पाहावा आणि भरून झाल्यावर फिलिंग लूप सोडवून ठेवावा.

नुकतेच नळकाम होऊन पाइप रिकामे असलेल्यांनी बाटली घ्यावी. भरून झाल्यावर गंजरोधक राहून गेल्याचे लक्षात आले किंवा वार्षिक तपासणीत ते कमी आढळले, तर डब्याचे जास्त पैसे मोजावेत.